वाढीव

वॉर्ड सात मोजायला घेतला पौषात.
टेपचं दुसरं टोक डोमा शिपायाकडे,
माझ्याकडे रजिस्टर आणि गेरूचा डबा.
प्रत्येक भिंतीवर एक आकडा टाकायचा: आजचा कर.

हा आकडा आता पंधरा वर्षं हलणार नाही, मुख्याधिकारी म्हणाले.
तलावाच्या सांडव्यावर पातळीची रेघ असते, तशी ही रेघ.
रेघेखालचं नेहमीच्या तिजोरीत:
पगार, डिझेल, सफाईवाल्यांची थकबाकी.
रेघेवर जे चढेल ते या मोहल्ल्याचंच.
त्यातून नाली, सिमेंटचा रस्ता, चार खांब.
बँक आधी देईल, चढ मागून येईल.

"बाजारात तुरी," डोमा म्हणाला
आणि पुढचं गिळलं,
कारण साहेब मागेच उभे होते.

घर एक्केचाळीस. कवेलू, मातीची भिंत,
कर शहाऐंशी रुपये.
यमुनाबाई वलथरे दारात शिंगाडे सोलत होती.
"नाली कोन बांधते?"
नगर पंचायत.
"पैसे?"
घराची किंमत वाढली की कर वाढतो. त्या वाढीतून.
"किंमत कायनं वाढते?"
नाली झाली म्हणून.
तिची सुरी शिंगाड्यात अर्धी थांबली.
"म्हंजे नाली आपली आपुनच फेडते."
बारा बैठकांत
इतकं नीट कोणी बोललं नव्हतं.
"अन् नाई वाढली त?"

त्याचं उत्तर परिच्छेद नऊमध्ये आहे.
परिच्छेद नऊ मी वाचलेला आहे.
मी कुंचला डब्यात बुडवला
आणि पुढच्या घराकडे निघालो.

पहिल्या वर्षी रजिस्टरच्या नव्या रकान्यात,
ज्याच्या डोक्यावर मीच लिहिलं होतं 'वाढीव',
चारशे बारा रुपये. हप्ता एक्केचाळीस हजारांचा.
सभेत कोणी कोणाकडे बघेना.
दुसऱ्या वर्षी कोपऱ्यावर पिठाची गिरणी,
मग वेल्डिंगचं दुकान, मग रक्त तपासणारा एक पोरगा,
त्याच्या काचेच्या दाराला बघायलाच लोक यायचे.
नालीवर झाकणं बसली. खांबाखाली पोट्टे कॅरम मांडू लागले
आणि रात्री दहाला कोणाची तरी आई
दिव्यालाच शिव्या घालू लागली.
रकाना भरत होता. मी बेरीज दोनदा करायचो,
हिशोबापायी नव्हे, नुसती बरं वाटायला.

घर त्रेपन्न. मालक रामकृष्ण लांजेवार.
भाडेकरू: मी, सहा वर्षं.
सकाळी लांजेवारच चहा घेऊन आले
तेव्हाच ओळखायला हवं होतं.
"रस्ता झाला, साहेब. उजेड झाला.
आता पंधराशेत कसं पुरन? बाविसशे करा."
त्यांची चूक नव्हती. त्यांचा कर वाढला होता,
आणि तो मीच वाढवला होता.
दुपारी कार्यालयात माझ्याच अक्षरात लिहिलं:
त्रेपन्न, वार्षिक भाडेमूल्य, सुधारित.
माझे सातशे रुपये
माझ्या पेनातून उतरून रेघेवर जाऊन बसले.
त्यातले काही नालीत जातील, काही दिव्यात.
अंगणातला उजेड मी अर्धा विकत घेतलेला आहे
आणि एक तारखेला सोडून चाललोय.

वॉर्ड अकरात खोली मिळाली. तिथे नाली नाही.
तिथली भिंत अजून कोणी मोजलेली नाही.

सामान हातगाडीवर चढवून निघालो
तर यमुनाबाई भिंत पोतारत होती.
पांढऱ्या मातीचा हात सगळीकडे फिरलेला,
फक्त आकड्याभोवती वीतभर जागा
तिसऱ्या वर्षीही तशीच, जुनी, काळपट.
"तेवढं काहून सोडलं?"
"पुसलं अन् तुमी पुन्हा लिवलं,
त जास्तीचं लिवान."

तिचा कर अजून शहाऐंशीच आहे.
गेरू थोडा उडालाय. आठाचा वरचा अर्धा
ओळखीवरच वाचावा लागतो.